चालता ट्रक खोलणारे भाऊजी

चालती वस्तू भाऊजींना बघवत नसे. बिघडलेली आली की माणूस खूश. सुरळीत चालणारी दिसली की कपाळाला आठी आणि हातात पेचकस. नागभीडला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळक्या मोटरी ते वेळेवर बांधून देत, कारण गिऱ्हाईक मोटर उचलून घरी जायचं आणि पुन्हा हात घालायची संधीच उरायची नाही. पण त्यांचा स्वतःचा एक ट्रक होता, आणि तो कुठेच जाणार नव्हता. तिथेच सगळं बिनसलं.

ट्रक म्हणजे खराखुरा नव्हे. रिमोटवर चालणारा, हातभर लांब, शर्यतीचा. रुंद टायर, चारही चाकांना शॉकअप, वर रंगीत प्लास्टिकचं टप. याला 'शॉर्ट कोर्स' ट्रक म्हणतात. मातीच्या खडबडीत ट्रॅकवर उड्या मारत पळतो. खाणीतल्या एका साहेबानं बदली झाल्यावर तो भाऊजींच्या गळ्यात मारला. माझी ताई म्हणायची, "तो साहेब सुटला, मी अडकली."

मी मोहर्लीला जिप्सी चालवतो, पर्यटकांना वाघ दाखवायला नेतो. मंगळवारी जंगल बंद, म्हणून मंगळवारी ताईकडे. गेलो की अंगणात जुनी चादर पसरलेली आणि तिच्यावर ट्रकाची आतडी. माझं डोकं तिथेच फिरायचं.

"भाऊजी, मागच्या खेपेले तर मस्त पळत होती नं गाडी?"

"पळत होती गा. पण बारीक आवाज येऊन राह्यला होता."

"मले तर नाई आला."

"तुले कुठून येईन? जिप्सी चालवून चालवून कान गेले तुये. एवढंच करतो, मंग हात नाई लावत."

हे 'एवढंच' कधी संपलं नाही. आधी चाकांत चांगल्या बेअरिंगा घातल्या. गाडी हलकी पळू लागली म्हणून मोठी मोटर घातली. मोटर मोठी झाल्यावर प्लास्टिकचे गिअर दळून निघाले, म्हणून लोखंडी आणले. त्यांनी गाडी जड झाली, म्हणून शॉकअप बदलले. पेच ढिले होऊ नयेत म्हणून लावायचं औषध संपलं की ताईची नेलपॉलिश जायची. लग्नाला निघायच्या दिवशी ताईनं बाटली उघडली तर आत नुसता ब्रश. त्या दिवशी ती काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊजी म्हणाले, "नखाले लावून वाया जाते. इथी कामात तरी आली."

तान्ह्या पोळ्याला तर कहरच. गल्लीतली लेकरं लाकडी नंदी सजवून, दोरीनं ओढत मिरवायला नेतात. भाऊजींनी शेजारचा शिसवी नंदी ट्रकावर बांधला आणि रिमोटनं मारुतीच्या देवळापर्यंत नेला. लेकरं नाचली, बाया हसल्या, पुजाऱ्यानं ट्रकाला कुंकूसुद्धा लावलं. परत येताना नंदीच्या वजनानं मागचा दांडा कडकन मोडला. कोणी काही बोलायच्या आत हे म्हणतात, "बरं झालं, असाही बदलायचाच होता." अशा माणसाला काय म्हणावं?

आणि या सगळ्या खटाटोपात एकही शर्यत पुरी होत नव्हती. हिवाळ्यात धान निघालं की पोंभुर्ण्याजवळच्या रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, हौशी मंडळी ट्रॅक आखतात. धुरे, म्हणजे मधले मातीचे बांध, तसेच ठेवतात, उड्यांसाठी. चंद्रपूर, नागपूरहून पोरं येतात. भाऊजी दर वर्षी जायचे आणि दर वर्षी अर्ध्यातून ट्रक काखेत मारून परतायचे, कारण आदल्या दिवशी नवीन बसवलेलं काहीतरी निखळायचं. "अहो, आदल्या दिवशी तरी हात नका लावू!" मी ओरडायचो. मान डोलवायचे. लावायचेच.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग पेचकस पेचावर टिकेना. चंद्रपूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, हे वाढतच जाणार, गोळ्यांनी फक्त थोडं लांबेल. भाऊजी बाहेर आले आणि पहिलं वाक्य काय, तर, "एक शर्यत पुरी करतो. माया हातानं. मंग मुकाट गोळ्या खातो." ताई दवाखान्याच्या पायरीवरच रडायला लागली. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. डॉक्टर काय सांगतो, याचं काय चाललंय!

त्या ट्रकाचा रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हाताच्या बोटानं वेग, उजव्या हातानं बाजूची लहान चक्री फिरवून वळण. चक्री जरा हलली की चाकं वळतात, आणि यांचा हात तर सारखा हलणारा. ट्रक दारू प्यायल्यागत अंगणभर झुलायचा. "रिमोट द्या इकडे, मी चालवतो, तुम्ही सांगा," मी किती वेळा म्हटलं. जंगलात खड्डे चुकवत जिप्सी नेणारा माझा हात. मला काय अवघड होतं? पण नाही. "मंग ते तुयी शर्यत झाली. मायी कुठी राह्यली?" बोलून बोलून तोंड दुखलं माझं.

रिमोटमध्ये एक सोय असते. चक्री थोडी फिरली तर चाकांनी लक्षच द्यायचं नाही, बरीच फिरली तरच वळायचं, असं ठरवता येतं. भाऊजींनी तेच वाढवत नेलं. हाताची थरथर ट्रकाला कळेनाशी झाली. मग वळायचं झालं की खांद्यापासून अख्खा हात गरकन फिरवायचे, जसा रहाट ओढावा. ट्रक सरळ पळू लागला. पहिल्यांदाच मला त्यांच्या खुडबुडीचं कौतुक वाटलं. म्हटलं, आता शर्यतीपर्यंत याला कुलपात ठेवा.

कसलं कुलूप! उन्हाळ्यातच यांनी एक प्रताप करून ठेवला होता. शॉकअपमध्ये खास तेल लागतं, ते नागपूरहून मागवावं लागतं. संपलं होतं. यांनी ताईच्या स्वयंपाकघरातलं टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल भरलं. उन्हाळ्यात ते पातळ, झकास चाललं. "कंपनीवाल्यायले हे माहीत नाई," असं मलाच ऐकवलं. मीही ऐकून घेतलं आणि विसरलो.

पोंभुर्ण्याला आम्ही सकाळी पोचलो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. धानाच्या धसकटांवर दव. भाऊजींनी ट्रक जमिनीवर ठेवून वरून दाबला. तो वर येईना. पुन्हा दाबला. बसला तो बसलाच. एक शॉकअप काढून उघडला, तर आत पांढरं तूप. टोरीचं तेल थिजतं हे आमच्याकडे कोणाला माहीत नाही? दर हिवाळ्यात ताई ती बाटली उन्हात ठेवते. हेच तेल खाण्यात जन्म गेला या माणसाचा!

"भाऊजी," मी म्हणालो, "तुमी ना..."

ताईनं दोन शॉकअप स्वेटरच्या आत काखेत धरले. उरलेले दोन मी धरले. बहीणभाऊ दोघं बांधीत पंख मिटलेल्या कोंबड्यांसारखे उभे, आणि हे आमच्याभोवती फेऱ्या मारत म्हणतात, "हालू नका, गरमी निंगून जाईन." आजूबाजूची पोरं फोनमध्ये आमचे व्हिडिओ काढत होती.

तेल सुटलं. शॉकअप लावले. शर्यत भरवणारा एक पोरगा जवळ आला, भाऊजींचा हात पाहून माझ्याकडे बोट करत हळूच म्हणाला, "काका, रिमोट यायच्याजवळ द्या ना."

"मंग मी काऊन आलो?" भाऊजी म्हणाले.

पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. नंतर गार वाऱ्यानं तेल पुन्हा थिजू लागलं आणि ट्रक प्रत्येक धुऱ्यावर बेडकासारखा आपटू लागला. एकेकानं शर्यत संपवली. काहींनी गाड्या डिक्कीत टाकल्या. भाऊजी अख्खा हात फिरवत होते, कपाळावर घाम, त्या थंडीत. ट्रक उलटला की मी धावत जाऊन सरळ करायचो. शेवटच्या धुऱ्यावर वरचं टप उडून पडलं. ताई ओरडली, "राहू द्या ते! चालवा तुमी!" आणि त्यांनी चालवलं. सगळ्यांच्या शेवटी, उघड्या ट्रकानं, पण रेषा ओलांडली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? भाऊजींनी रिमोट ताईच्या हातात दिला आणि म्हणाले, "पुढचे स्प्रिंग नरम पायजे होते." तिथेच गळा धरावासा वाटला.

गोळ्या मात्र कबूल केल्याप्रमाणे त्यांनी मुकाट खाल्ल्या. पण पुढच्या पावसाळ्यात वेगळाच ताप आला, अंगातच भिनला आणि आठवडाभरात भाऊजी गेले. हाताचं दुखणं बाजूलाच राहिलं. दुकान बंद झालं. मंगळवारी गेलो की अंगण मोकळं दिसायचं. त्या मोकळ्या अंगणाचाही मला राग यायचा.

दिवाळीनंतर एकदा ताईनं ट्रक बाहेर आणला. बॅटरी तिनंच चार्ज केली होती, कशी करायची ते भाऊजींकडून शिकून घेतलं होतं म्हणे. "चालव," म्हणाली. "नुसता ठेवला तर खराब होईन."

मी रिमोट घेतला. ट्रक सरळ निघाला. वळणावर मी चक्री सवयीप्रमाणे अलगद फिरवली, तर चाकं हललीच नाहीत. ट्रक थेट विहिरीच्या कठड्यावर. मागे घेतला, पुन्हा नेला, पुन्हा कठडा. मी चिडलो. मग लक्षात आलं. ते सेटिंग भाऊजींच्या हाताचं होतं. रिमोटवरची दोन बटणं दाबली असती तर ट्रक माझ्या हाताखाली आला असता.

"नाई जमून राह्यलं काय?" ताईनं विचारलं.

मी बटणांवरचं बोट काढलं. खांद्यापासून अख्खा हात गरकन फिरवला. ट्रक विहिरीला सुंदर वळसा घालून आला. पुन्हा फिरवला, पुन्हा आला. ताई ओट्यावर बसून माझ्या हाताकडे बघत राहिली, ट्रकाकडे नाही. बॅटरी उतरेपर्यंत मी फिरवत होतो. माझा खांदा भरून आला होता, आणि तिनं थांब म्हटलं नाही.