जुली पिसाळलेली नव्हती

“इडिओपॅथिक एपिलेप्सी,” डॉक्टर म्हणाले. आम्हाला काही कळलं नाही हे बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. “एपिलेप्सी म्हणजे फेफरं. इडिओपॅथिक म्हणजे तपासण्यांमध्ये त्याचं दुसरं काही कारण सापडत नाही. अल्सेशियन कुत्र्यांमध्ये हे बहुतेक आईबापाकडून येतं.”

जुली टेबलावर शांत उभी होती. वय सव्वातीन वर्षं.

“बरं होईल का?” माझ्या यजमानांनी विचारलं.

“पूर्ण नाही. आटोक्यात राहील. गोळ्या जन्मभर.”

ही १९९७ सालची गोष्ट. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरतेला बमरोलीत राहत होतो. मी मराठी शाळेत शिक्षिका, यजमान पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्याचे फोरमन. त्यांच्या शेठकडच्या अल्सेशियन कुत्रीला पिल्लं झाली, तेव्हा शेठने खूश होऊन एक यांना दिलं. तीच जुली. असं जातिवंत कुत्रं आमच्या गल्लीत दुसरं नव्हतं.

पहिला झटका निदानाच्या तीन आठवडे आधी आला. रविवारची दुपार होती. जुली दारासमोर पडली होती. अचानक तिचं अंग ताठ झालं, मान मागे गेली आणि चारही पाय सायकल मारल्यासारखे हलू लागले. जबडा कटकट वाजत होता. तोंडातून फेस येत होता. तिथेच लघवी झाली. मला वाटलं, संपलं सगळं.

शेजारचे लोक धावत आले. फेस बघून एकजण ओरडला, “कुत्रं पिसाळलं!” बायकांनी मुलांना घरात ओढलं. दोघांच्या हातात काठ्या आल्या. यजमान जुलीच्या पुढे आडवे उभे राहिले आणि त्या गडबडीत त्यांच्या तोंडून घरचीच अहिराणी निघाली, “मारू नका रे, ती पिसाळेल नही शे!” ती पिसाळलेली नाही हे खरं तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

झटका दोनेक मिनिटांत थांबला. जुली उठली, पण आम्हाला ओळखेना. भिंतीवर आदळत घरभर फिरली. अर्ध्या तासाने भांडंभर पाणी प्यायली आणि झोपली.

दुसरा झटका नवव्या दिवशी आला. त्यानंतर आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी आधी रेबीजच्या इंजेक्शनचं कार्ड बघितलं. म्हणाले, “पिसाळलेलं कुत्रं दिवसेंदिवस बिघडत जातं आणि मरतं. हिला नऊ दिवस मध्ये काहीच नव्हतं, मग हे रेबीज नाही.” हे वाक्य मी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. गल्लीत दाखवायला.

मग रक्ताची तपासणी. साखर कमी झाली, कॅल्शियम कमी झालं किंवा लिव्हर बिघडलं तरी झटके येतात, म्हणून ते आधी बघावं लागतं. जनावरांचं रक्त तपासणारी लॅब आम्हाला मिळेना. शेवटी डॉक्टरांनी माणसांचं रक्त तपासणाऱ्या ओळखीच्या लॅबमध्ये पाठवलं. रिपोर्ट आला त्यावर छापलं होतं, ‘जुली पाटील, स्त्री, वय ३’. समोरच्या बाकावर ताप आलेलं बाळ घेऊन बसलेल्या बाईने मला विचारलं, “मुलगी आहे का?” मी हो म्हटलं. पुढे समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

सगळे आकडे ठीक निघाले. त्यानंतरचं निदान मी वर लिहिलंच आहे.

गोळी फिनोबार्बिटोनची, माणसांच्या फेफऱ्यालाही देतात तीच. सकाळी सात, संध्याकाळी सात. पहिले दोन आठवडे जुली दारू प्यायल्यासारखी झुलत चालायची. भूक आणि तहान खूप वाढली. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. त्यांनी आणखी तीन गोष्टी बजावल्या होत्या. झटक्यात तोंडात हात घालायचा नाही, जीभ गिळली जात नाही. नाकाला चप्पल किंवा कांदा लावायचा नाही, आजूबाजूचं सामान सरकवून वाट बघायची. आणि गोळी एकदम बंद करायची नाही, त्याने जिवावर बेततं. ज्यांच्या घरी असं जनावर आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

निघताना त्यांनी विचारलं, “हिला पिल्लं झालीत का?”

झाली होती. दीड वर्षापूर्वी, दोन.

“ज्यांच्याकडे आहेत त्यांना सांगा. याच वयात सुरू होतं. आणि हिचं ऑपरेशन करून घ्या, आणखी पिल्लं नकोत.”

 दुसऱ्या दिवशी यजमानांनी कारखान्यातल्या म्हाताऱ्या वॉचमनला जुलीच्या आईबद्दल सहज विचारलं. तो म्हणाला, “तिनी मायले बी असंच व्हये, साहेब. शेठने सांगेल व्हतं, कोनले बोलू नको.” जुलीच्या आईलाही झटके यायचे. आम्हाला मात्र ती उन्हाने गेली असं सांगण्यात आलं होतं.

मला शेठचा फार राग आला. माहीत असून दिलं, असं मी दोन दिवस म्हणत होते. पण त्याच दोन दिवसांत मीही कुणाला सांगायला गेले नव्हते. कतारगामच्या ओळखीच्या रमणिकभाईंनी त्यातलं एक पिल्लू किती हौसेने नेलं होतं. त्यांना काय सांगू, रोगट कुत्रं दिलं? परीक्षेचे पेपर आहेत, पाहुणे आहेत, अशी कारणं मी स्वतःलाच देत राहिले. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी आम्ही पलसाण्याला गेलो. तिथल्या एका कंत्राटदाराकडे दोनपैकी मादी पिल्लू होतं, त्याचं नाव चांदणी. अंगणात साखळी होती, कुत्री नव्हती. कंत्राटदाराची बायको म्हणाली, “पिसाळली ना ती. फेस आला तोंडाला. माणसांनी मारली परवा.”

परवा.

 मी तिला खरं काय ते सांगितलं. ती पिसाळली नव्हती, तिला फेफरं होतं, आम्हाला बारा दिवस माहीत होतं.  ती बाई म्हणाली, “माझी मुलगी दोन दिवस जेवली नाही. तिला काय सांगू आता?” 

तिथून तसेच आम्ही कतारगामला गेलो. रमणिकभाईंचा हिरे घासायचा छोटा कारखाना घराच्या खालच्या मजल्यावर होता. त्यांचा राजा तिथेच दाराशी बसायचा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, चांदणीचंसुद्धा. रमणिकभाईंनी पाणी मागवलं. म्हणाले, “बेन, बसो पहेलां.” मग हळूच म्हणाले, “त्याला महिन्यापूर्वी एकदा आलं होतं. मी कुणाला बोललो नाही. लोक हडकायो समजून मारतील.” हडकायो म्हणजे पिसाळलेला. तेही घाबरून गप्प बसले होते.

त्यांनी कारागिरांना काम थांबवायला लावलं आणि मला सांगितलं, “तुम्ही शिक्षिका आहात. यांना शिकवा.” मी आठ माणसांसमोर उभी राहून डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. एकाने विचारलं, “चावला तर?” मी म्हटलं, झटक्यात तोंडाजवळ हात नेलात तर चावेल, म्हणून लांब बसा. त्याने मान डोलावली.

राजालाही गोळ्या सुरू झाल्या. मधूनमधून झटका येई, पण त्याच्यावर कुणी काठी उचलली नाही. दोन महिन्यांनी जुलीचं ऑपरेशन झालं. यजमानांनी शेठच्या केबिनमध्ये जाऊन डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. शेठ चिडले, आठवडाभर बोलले नाहीत. पण नंतर त्या कुळीतलं पिल्लू त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकण्यात नाही.

जुलीला पुढे वर्षातून दोनतीनदा झटका यायचा. गल्लीतली मुलं स्वतःच बाजूला व्हायची आणि मोठ्यांना ओरडून सांगायची, “जवळ जाऊ नका, थांबेल आपोआप.”

त्या डॉक्टरांचे, रमणिकभाईंचे आणि त्या वॉचमनचे माझ्यावर उपकार आहेत. चांदणीबद्दल मात्र मी कुणाचे आभार मानू शकत नाही. कंत्राटदाराच्या मुलीला मी एक पत्र लिहिलं. माझी चूक काय झाली ते सरळ लिहिलं, माफी मागितली. तिचं उत्तर आलं नाही, आणि ते यायलाच हवं असंही नाही.

तुमच्या घरी असा आजार निघाला, तर ज्यांना सांगायचं त्यांना त्याच दिवशी सांगा.