दीड वितेचा ट्रक

पारूबाई साळवे यांना बद्रीनाथ ओळखत होता, असं म्हणणं जरा जास्तच होईल. काउंटरच्या आत तो, बाहेर त्या, एवढीच ओळख. त्यांच्या घरात तो कधी गेला नाही. त्यांचं माहेर घाटनांदूरचं, हेसुद्धा त्याला कळलं ते त्यांच्या मातीला गेल्यावर, तिथल्या बायकांच्या बोलण्यातून. त्या घरी काय विचार करायच्या, कशाला हसायच्या, कशाला भ्यायच्या, हे त्याला ठाऊक नाही. पण त्यांच्या ट्रकाचं त्याला सांगता येईल. तो ट्रक त्याच्या डोळ्यांसमोर झाला.

तेलगावच्या फाट्यावर बद्रीनाथचं स्टेशनरीचं दुकान. वह्या-पेनांबरोबर खिळे, रंगाच्या डब्या, चिकटवायच्या ट्यूबा असलं किरकोळही तो ठेवतो. पारूबाईंनी बावीस हंगाम ऊस तोडला होता. मग मणक्यातली गादी सरकली आणि डॉक्टरांनी वाकणं-उचलणं बंद केलं. त्यांची मुलगी आम्रपाली पुण्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरीला. तिला ऑफिसच्या कुठल्याशा कार्यक्रमात एक खोकं मिळालं. आत परदेशी ट्रकचे प्लास्टिकचे दोनशे तुकडे, आपले आपण जोडायचे. तिला कुठला वेळ? तिनं ते आईपुढं ठेवलं आणि म्हणाली, बसून बसून भिंतीकडं बघतीस, त्यापेक्षा हे जोड.

पारूबाई पहिल्यांदा दुकानात आल्या त्या हातात प्लास्टिकची एक चौकट घेऊन. चौकटीला बारीक-बारीक भाग चिकटलेले होते, वेलीला शेंगा लागाव्यात तसे.

"जय भीम, भाऊ. ह्ये कशानं तोडायचं? कोयत्यानं तर तुकडाच उडाला बघा."

"कोयत्यानं?" बद्रीनाथ म्हणाला.

"दुसरं काय हाय माझ्याकडं?"

त्यानं त्यांना नेलकटर दिलं आणि बारीक पॉलिश पेपर. कापलेली जागा घासून घ्यायची, एवढं त्याला सुचलं. बाकी त्यालाही काही येत नव्हतं. सूचना इंग्रजीत होत्या, पण चित्रांवर आकडे होते, आणि आकडे पारूबाईंना येत होते. महिन्याभरात ट्रक उभा राहिला. पांढराशुभ्र, पाठीमागं बंद पेटी, लांबीला दीड वीत. खोक्यावरच्या चित्रासारखा हुबेहूब.

त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"झ्याक झालाय," बद्रीनाथ म्हणाला.

"झालाय. पन ह्यो हाय कुनाचा? असल्या ट्रकात आमी कवा गेलतो?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मागची पेटी उपटून काढली.

मग वर्षभर त्या ट्रकाला मागून नवं अंग येत गेलं. आइस्क्रीमच्या काड्यांचे कडेचे फाळके झाले. खालच्या फळ्या त्यांनी चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या केल्या. फडावर राहायच्या कोपीसाठी, झोपडीसाठी, न्यायचे बांबू म्हणून खराट्याच्या काड्या, चटया म्हणून पोत्याचे धागे विणून गुंडाळलेल्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बोचकी. औषधाच्या बाटलीच्या टोपणाचा पाण्याचा ड्रम. सगळ्यात वर उलटी टाकलेली बाज, आणि बाजेच्या पायाला बांधलेली शेळी. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतो तो ट्रक. चाकांवरचा चिखलसुद्धा त्यांनी गेरू आणि राखेनं केला होता. पुढची केबिन मात्र किटमधली होती तशीच ठेवली. नुसती नारंगी रंगवली.

बीडला एका मंगल कार्यालयात अशा छोट्या गाड्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा आहे, ही चार ओळींची बातमी बद्रीनाथनं पेपरात वाचली. दोन दिवस त्याला ती सांगावी की न सांगावी, हेच कळेना. उगाच बाईंना आशा लावायची. शेवटी त्यानं ती कापून पुडीसारखी घडी करून दिली.

पारूबाईंनी ती त्याच्याकडूनच वाचून घेतली आणि म्हणाल्या, "जायाचं. पन बक्षिसासाठी न्हाई, भाऊ. बावीस वर्सं त्या ट्रकाच्या मागं बसून गेले. कुनी इच्यारलं न्हाई, की मागं काय हाय. एकदा लोकांनी वाकून बघावं."

एवढंच त्यांना हवं होतं. बद्रीनाथनं फॉर्म भरला.

स्पर्धेला चार दिवस राहिले होते. ट्रक दुकानात काउंटरवर होता, रंगाचा शेवटचा हात वाळत, आणि पारूबाई त्याच्यापाशी स्टुलावर. त्या वेळी ऊसतोडीला टोळी नेणारे अर्जुनराव मुकादम बॉलपेन घ्यायला आले. त्यांचा ट्रक समोर फाट्यावर उभा होता. पारूबाई आठ-दहा हंगाम त्यांच्याच टोळीत गेलेल्या. मुकादमांनी मागची बाजू बघितली, शेळी बघितली, मान डोलावली. मग पुढून वाकून काचेतून आत बघितलं आणि असे हसले की दोन-चार माणसं जमा झाली.

"अगं पारूबाई! ष्टेरिंग डाव्या अंगाला? ह्यो ट्रक काय अमेरिकेला ऊस तोडाया चाललाय?"

"व्हिसा काढला का रं कुनी?" मागून एक जण म्हणाला.

वर्षभर तो ट्रक बद्रीनाथनं शंभरदा बघितला होता. त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं. आता स्पर्धेत लोक वाकून बघतील आणि हसतील, ते यालाच.

पारूबाईंनी वाकून आत बघितलं. "चितरात हुतं तसं लावलं मी," त्या म्हणाल्या.

"ट्रकात बसून बावीस वर्सं गेलीस न्हवं?"

"मागं गेलते, मुकादम. केबिनीत मला कुनी बसवलं?"

मुकादमांनी बॉलपेनचे पैसे काउंटरवर ठेवले.

"त्यो तुमचाच ट्रक हाय न्हवं हितं उभा?" पारूबाई म्हणाल्या. "दार उघडा."

"काहून?"

"उघडा तर."

चार माणसांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी दार उघडलं. पाय ठेवायची पायरी उंच होती. बद्रीनाथ हात द्यायला पुढे झाला, पण पारूबाईंनी फाळक्यावर चढायचा बायकांचा तो जुना हिसका दिला आणि कण्हत का होईना, ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसल्या. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. मग बद्रीनाथकडून सुतळी घेऊन मापं घ्यायला लागल्या. स्टेअरिंगपासून दारापर्यंत किती, सीट किती, गिअरचा दांडा कुठून निघतो. एकेका मापाला सुतळीत एकेक गाठ.

"हितून समदा रस्ता दिसतोय की," त्या वरून म्हणाल्या. "मागचं तेवढं दिसत न्हाई."

"आरसा हाय की," मुकादम म्हणाले.

पारूबाईंनी आरशात बघितलं. "फाळका दिसतोय. मानसं न्हाई दिसत."

पुढचे दोन दिवस त्या दुकानात आल्याच नाहीत. बद्रीनाथ रोज रस्त्याकडे बघायचा. पक्क्या चिकटलेल्या वस्तू सोडवताना केबिनच फुटली असेल तर? तिसऱ्या दिवशी दुपारी आल्या त्या बोटांची सालं निघालेली. तापवलेल्या ब्लेडनं त्यांनी सगळं आतलं कापून काढून उजवीकडे बसवलं होतं. पुढची काच ट्यूबच्या वाफेनं पांढरी पडली, म्हणून औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक कापून नवी बसवली होती.

बीडला ते एसटीनं गेले. ट्रक पारूबाईंच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेला. खड्ड्याखड्ड्याला त्या श्वास धरायच्या आणि बद्रीनाथ त्यांच्याहून जास्त.

मंगल कार्यालयात सगळीकडे आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्या होत्या. त्यांच्यात हा एकच चिखलात माखलेला. बद्रीनाथला वाटलं, आपण फॉर्म भरायला नको होता. पण तासाभरात चकाकत्या गाड्यांपुढं जागा रिकामी झाली आणि या टेबलापाशी वाकायलाही जागा उरली नाही. कोणी बायकोला हाक मारत होतं, "अगं, बाज बघ, आपल्यासारखी!" एक म्हातारी बोचक्यांवर बोट फिरवून मोजत होती.

पुण्याचे परीक्षक चष्मा वर करून म्हणाले, "शेळी बाजेला का बांधलीय? फाळक्याला का नाही?"

"फाळक्याला बांधली तर भाईर उडी मारती आन् फास बसतो," पारूबाई म्हणाल्या. "आमची एक तशीच गेलती."

परीक्षकांनी कागदावर काही लिहिलं. मग गुडघ्यावर बसून ते केबिनमध्ये बघत राहिले.

त्यांच्या मागोमाग गर्दीतून वाकले ते अर्जुनराव मुकादम. कशाला आले होते कोण जाणे. आत स्टेअरिंग उजव्या हाताला होतंच. पण सीटवर लाल टॉवेल होता, गिअरच्या दांड्याला निळी चिंधी, आणि हॉर्नचं बटण अर्धं फुटलेलं.

"आयला! ह्यो तर माझा ट्रक हाय!"

"पुढचा तुमचा," पारूबाई म्हणाल्या. "मागचा आमचा."

हॉल हसला. या वेळी मुकादमांकडं बघून. आणि खरं सांगायचं तर मुकादमही हसले, आणि टाळ्या पहिल्यांदा त्यांनीच वाजवल्या.

पहिलं बक्षीस पारूबाईंना मिळालं. ढाल, प्रमाणपत्र आणि एक नवं किट. माईकवर दोन शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी खोकं उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्याचं ष्टेरिंग कोन्या अंगाला हाय, ते आधी सांगा." एवढंच त्यांचं भाषण.

त्यानंतर त्यांनी आणखी तीन ट्रक केले. चौथा अर्धा राहिला. त्याच्याच कामासाठी एका शनिवारी त्या दुकानात आल्या, त्या शेवटच्या. गर्दी होती, बद्रीनाथ वह्या मोजत होता, त्यानं धड वर बघितलंही नाही.

"भाऊ, पॉलिश पेपर हाय का, बारीक?"

"बारीक संपला. मंगळवारी येतोय."

"मंग मंगळवारी येते. दोन ठिवा बाजूला."

"ठेवतो."