समुद्रफुलावरचं बांडगूळ

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही सहलीच्या बसच्या खिडकीतून. तरी समुद्रातल्या जिवांवर बारा वर्षं शिकवते आहे, आणि चांगलं ठसक्यात शिकवते. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे इसापूरचं धरण. त्यामुळे वर्गात मी समुद्राबद्दल काहीही ठोकून दिलं तरी हटकणारं कोणी नाही, अशी माझी खात्री होती.

कुरुंद्याजवळच्या ज्या गावात मी सून म्हणून आले, त्याच गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. आमच्या शेतातल्या खोलीत एक सालगडी बायको आणि मुलीसह राहायचा. दर पाडव्याला तो पुढच्या वर्षभराच्या कामाची बोली करून नवं साल धरायचा, अशी नऊ सालं त्यानं आमच्याकडे काढली. त्याची मुलगी माझ्याच वर्गात, नववीला. घरी ती मला काकू म्हणायची. शाळेत मॅडमच म्हणायचं, हे मी तिला बजावून ठेवलं होतं. एकदा चुकून तिच्या तोंडून वर्गात काकू निघालं, तर मी सगळ्यांसमोर तिच्याकडून तीनदा मॅडम म्हणवून घेतलं. राग माझ्या नाकावरच असतो, आणि त्याला शिस्त म्हणायची मला सवय आहे.

तो धडा सहजीवनाचा होता. वर्गातल्या टीव्हीवर मी समुद्रफुलाची चित्रफीत लावली. टीव्हीचा आवाज कधीच गेलेला, म्हणून बोलणं सगळं माझं. समुद्रफूल नावापुरतं फूल, खरं तर प्राणी, असं मी सांगितलं. खडकाला चिकटून बसतो, मधोमध तोंड, भोवती बोटांसारखे स्पर्शक आणि त्यांच्यात विषारी काटे. लहानसा मासा जवळ आला की काटा लागून लुळा पडतो आणि पोटात जातो. पण केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा त्या काट्यांतच घर करतो, कारण त्याच्या अंगावर चिकट थर असतो आणि काटे त्याला लागत नाहीत. इथवर माझं बरोबर होतं. मग पोरांना पटकन समजावं म्हणून मी म्हटलं, "म्हणजे हा मासा समुद्रफुलावरचं बांडगूळ. घर फुकट, राखण फुकट, वर खायलाही फुकट."

बांडगूळ आमच्या पोरांना सांगावं लागत नाही. बांधावरच्या दर दुसऱ्या आंब्यावर ते असतं, आणि घरात बसून खाणाऱ्या माणसालाही तेच म्हणतात. पोरं खूश झाली. आपलं उदाहरण मलाही फार आवडलं.

तेवढ्यात आमच्या सालगड्याची मुलगी उभी राहिली. हळद शिजवायचे दिवस होते, तिचे तळवे पिवळेधमक होते.

"मॅडम, त्यो मासा तं दुसऱ्या माशाला हाकलून राहिला. दुसरा मासा फुलाचे लचके तोडाय आलता. मंग ह्याला बांडगूळ काहून म्हनायचं?"

ती चित्रफीत मी घरी दोनदा पाहून आले होते. हाकलणारा मासा मला दिसला नव्हता. पोरं माझ्याकडे बघायला लागली, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "फुकट राहणाऱ्याची बाजू तुला बरी घेता येते गं! तुमचं घरही आमच्याच शेतात आहे, नाही का?"

वर्ग हसला. मीही थोडी हसले, हे लपवण्यात अर्थ नाही. ती खाली बसली आणि वहीत काहीतरी गिरवत राहिली.

संध्याकाळी दूध तापत ठेवून मी मोबाइलवर वाचत होते. पोरगी अक्षरन् अक्षर बरोबर होती. समुद्रफुलाचे लचके तोडणारे मासे असतात आणि विदूषक मासा त्यांना पिटाळून लावतो, आकारानं चिमूटभर असला तरी. समुद्रफुलाच्या अंगात बारीक शेवाळ असतं, ते उन्हावर अन्न तयार करून त्यालाही देतं, आणि त्या शेवाळाला खत मिळतं ते या माशाच्या मलमूत्रातून. मासा काट्यांमधून सारखा फिरतो, त्यामुळे आतलं पाणी खेळतं राहतं. याला सहोपकारिता म्हणतात, दोघांचाही फायदा. हा शब्द मी दरवर्षी परीक्षेत विचारते. दूध उतू गेलं तरी मी तशीच बसून होते. लाज वाटली, फार वाटली.

दुसऱ्या दिवशी माफी मागायची असं ठरवून गेले. वर्गात उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "काल आपण जे पाहिलं, त्यात आज थोडी भर घालू." मग तिचंच म्हणणं मी माझं म्हणून फळ्यावर लिहिलं. तिचं नाव घेतलं नाही, बांडगुळाचाही विषय काढला नाही. तिनं फळ्यावरचं सगळं नीट उतरवून घेतलं. त्या दिवसापासून घरीही ती मला मॅडम म्हणायला लागली.

पाडव्याला तिचा बाप ओट्यावर येऊन बसला. सासऱ्यांनी नव्या सालाचा विषय काढला, तर तो मान खाली घालून म्हणाला, "मालक, यंदा साल धरत न्हाई."

"काहून? काई तकलीफ हाय का?"

"तकलीफ न्हाई. लेकरू ऐकून न्हाई राहिलं. शेतात राहात न्हाई म्हनतंय."

सासरे हसले. पोरीच्या शब्दावर कुणी साल सोडतं का, म्हणाले. तो उठून गेल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. "खाल्ल्या घरचे वासे मोजनारी जात! नऊ वर्सं पोसलं, बराबर पांग फेडले." मी दारात चहाचे कप घेऊन उभी होते. एका वाक्याचं काम होतं. मी कप ठेवले आणि आत गेले.

खोली रिकामी झाली तशी रानडुकरांनी उन्हाळी भुईमुगाचं रान उकरायला सुरुवात केली. कुत्रं बांधून पाहिलं, बुजगावणं उभं केलं, काही चाललं नाही. सासऱ्यांनी याचाही दोष त्या माणसालाच दिला. गावातही बोभाटा झाला की मिठाला जागला नाही. त्याला आमच्या गावात पुन्हा कुणी साल दिलं नाही, आणि ते कुटुंब कळमनुरीला गेलं.

पुढच्या हिवाळ्यात कळमनुरीच्या बाजारात तिची आई भेटली. मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. मी दुसऱ्या ओळीनं सटकणार होते, पण तिनंच हाक मारली. "वैनी, या की! वळख इसरले का?" टेकायला पोतं अंथरलं, चहा सांगितला. पत्र्याच्या खोलीत राहतात, नवरा हमाली करतो, पोरगी दहावीला आहे, असं सगळं सांगत राहिली. माझ्या पिशवीत तिनं दोन जुड्या तशाच कोंबल्या.

मग जरा जवळ सरकून म्हणाली, "वैनी, एक इचारू का? पोरीनं तवा अन्नपानी सोडलं, पर त्या शेतात राहात न्हाई म्हनली. काहून, ते आजून सांगितलं न्हाई. बापानं मारलं, म्याबी मारलं. चांगलं बसलेलं बस्तान हिनं मोडलं म्हून आजूनबी तिला बोलून राहिलो आमी. पर तिनं तोंड म्हून उघडलं न्हाई. तुमच्याच वर्गात व्हती. शाळेत काई झालतं का वो?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कसलाही संशय नव्हता. तिला फक्त पोरीला बोल लावणं थांबवायला एखादं कारण हवं होतं.

"नाही," मी म्हणाले. "शाळेत काहीच झालं नव्हतं."