बिरड्याचा डबा

बाहेरचं काही खायचं नाय, असं लग्न झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. नवरा पेणहून रोह्याला कंपनीत जायचा. भाजीचा खर्च नको म्हणून मी माहेरचे वाल भिजवून, मोड आणून, नखं दुखेपर्यंत एकेक सोलायची आणि बिरड्याचा डबा त्याला द्यायची. मला उरायचा नुसता रस्सा. गणपतीच्या कारखान्यात मी मूर्ती रंगवते. तिथं बायका वडापाव मागवायच्या, तेव्हा मी “भूक नाय गो” म्हणायची.

यंदा गणपतीत त्याच्या शिफ्टमधला मित्र आमच्याकडे जेवायला आला. बोटं चाटत म्हणाला, “वहिनी, रोज तुमचा डबा मीच संपवतो. हा बाहेर मिसळ खातो.”

नवरा खाली मान घालून भात कालवत राहिला. मी सगळं बिरडं मित्राला वाढलं आणि नवऱ्याच्या पानात नुसता रस्सा ओतला.