रंगुबाईच्या गोळ्या

पळसदेवच्या गंगारामला वैद्य कुणी म्हणत नव्हतं, पण म्हणून गडी गप्प बसतोय होय! कुणाचा दात दुखू दे, कुणाची म्हैस आटू दे, याचा सल्ला तयार. धरणकाठच्या पाण्याच्या मोटारी चालू-बंद करायच्या, तंबाखू मळायची आणि बोलत राहायचं, हा त्याचा दिवस.

त्याच्या बायकोची, रंगुबाईची हाडं ठणकायला लागली तेव्हा त्यानं दवाखाना बघितलाच नाही. खिशातली चुन्याची डबी काढली. गव्हाच्या दाण्याएवढा चुना, रोज दह्यातून. हाडाला याच्यासारखं औषध नाही, असं अख्खा इंदापूर तालुका सांगतो. पुढं मुतखडे झाले, तर म्हणाला, पाण्याचा दोष. "मळमळतंय वो, नगं मला," ती म्हणायची. "सवय हुईल. गप गीळ," हा म्हणायचा.

एकदा खडा अडकला आणि बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. कॅल्शियम भलतंच वाढलेलं. गळ्यातली एक बारकी ग्रंथी ताळ सोडून हाडातलं कॅल्शियम रक्तात ओतत होती. खडे त्यानंच झालेले, किडन्याही निम्म्यावर आलेल्या. "वरून कॅल्शियम घेत होता का काही?" बाईंनी विचारलं. गंगारामनं खिशातली चुन्याची डबी मुठीत दाबून धरली. रंगुबाईच बोलली, "चुना खात हुते. माज्याच मनानं." गंगारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुण्यात ऑपरेशन करून ग्रंथी काढली. घरी जाताना हातात काय, तर कॅल्शियमच्याच गोळ्या! अहो, त्यानं धसकाच घेतला. एकदा हे विष आपल्या हातानं चारलं, आता पुन्हा चारू? बाकीच्या गोळ्या तो वेळेवर देत होता. ह्या मात्र कुणाला न सांगता त्यानं धरणाच्या पाण्यात टाकून दिल्या.

थोड्याच दिवसांत रंगुबाईच्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं वाकडी होऊन आखडली. जीप करून बारामती गाठली.

"ग्रंथी काढली की कॅल्शियम एकदम उतरतं, उपाशी हाडं ते ओढून घेतात," सलाईन लावून बाई म्हणाल्या. "गोळ्या देत होता ना?"

"न्हाय दिल्या," गंगाराम म्हणाला. "आन् चुनाबी मीच चारला हुता. तिच्या किडन्या मीच खाल्ल्या, बाई."

"मूळ दुखणं ग्रंथीचं. चुन्यानं त्यात भर पडली," बाई म्हणाल्या. त्यानं त्याला काही हलकं वाटलं नाही. हळूहळू तिची बोटं सैल पडली. किडनीचा रिपोर्ट ऑपरेशनच्या आधी होता तसाच आला. गेलेलं बहुतेक परत यायचं नाही, आहे ते जपायचं.

नव्या गोळ्यांची पिशवी घ्यायला गंगारामनं हात पुढं केला. रंगुबाईनं ती आधीच आपल्या मांडीवर घेतली होती.

"बाई, कवा घ्यायच्या त्ये मला सांगा," ती म्हणाली. "ह्यास्नी न्हाय."