हात पुन्हा धुऊन या

सिस्टरची आणि 'तोफखाना' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्जनची ओळख करून दिली ती एका चिमट्याने. तेवीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच दिवशी सिस्टरने ऑपरेशन थिएटरचं दार ढकललं, आणि समोरून तो चिमटा सणसणत आला. त्याने दिव्याभोवती एक घिरटी मारली, भूल देणाऱ्या डॉक्टरांची टोपी उडवली, भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहाचे अकरा केले आणि दमून भागून सिस्टरच्या चपलेत येऊन पडला. मागून आवाज आला. तो आवाज ऐकून टेबलावरचा बेशुद्ध पेशंटसुद्धा जरा सावरून झोपला म्हणतात.

"हा चिमटा आहे? यानं कपडेसुद्धा वाळत घालता येणार नाहीत!"

सिस्टरने चिमटा उचलला. "डॉक्टर, हा एक झाला. ट्रेमध्ये अजून अकरा आहेत. सगळे एकदम फेका, म्हणजे मला एकदाच वाकावं लागेल."

थिएटरमध्ये कुणी श्वास घेईना. पेशंट तेवढा घेत होता, तोही मशीनच्या जिवावर. मग मास्कमागून तोफखाना हसला. "कोण आहे ही बाई? उद्यापासून माझ्याच टेबलावर."

तेव्हापासून ती त्याच टेबलावर. तोफखाना रोज धडधडायचा, पण सिस्टर "मोजणी जुळत नाही" म्हणाली, की जागच्या जागी थांबायचा. पोट पूर्ण शिवण्याआधी आत वापरलेली गॉजची घडी न् घडी मोजायची असते. एक सिस्टर हत्यारं देते आणि मोजते, दुसरी बाजूला उभी राहून पुन्हा मोजते. दोघींचे आकडे जुळल्याशिवाय शेवटचा टाका नाही. एकदा सिस्टरच्या मोजणीत वीसपैकी एकोणीसच भरल्या. अर्धं पोट शिवून झालेलं. दुसरी सिस्टर वीसच म्हणत होती. "तुम्हाला चष्मा लागलाय!" असं गरजत गरजत डॉक्टरांनी स्वतःचेच टाके कापले. विसावी घडी यकृतामागे निवांत बसली होती. आभार मानण्याची त्यांना सवय नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात जाऊन असे कडाडले, की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं आणि नियम झाला: टेबलामागे दोन सिस्टर, कायम.

हेच डॉक्टर यंदा हॉस्पिटलचे संचालक झाले. नुसत्या हुशारीवर खुर्ची सांभाळता येत नाही म्हणून त्यांना पाच दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला एका हॉटेलात धाडलं. गेली ती तोफ. परत आला तो टेबलफॅन. आवाज कमी, गारवा भरपूर, आणि मान सारखी इकडून तिकडे.

परत आल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोचा फोन आला. "ताई, यांना काय केलं हो तिकडे? काल जेवण खारट झालं, तर ताटावर बसून मला विचारतात, 'यातून आपण दोघं काय शिकलो?'"

सिस्टर पोट धरून हसली. पण तिचं हसू आठवडाभरच टिकलं. मग सूचनाफलकावर आदेश लागला: विश्वस्तांनी सुचवलेल्या काटकसरीनुसार एक तारखेपासून टेबलामागे एकच सिस्टर. खाली सही, तीच ओळखीची, वाकडी. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद उपटून ती थेट केबिनमध्ये घुसली.

"हे काय आहे?"

"बसा ना, ताई."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा ताई! "मी बसायला नाही आले. माझा आकडा चुकला तर पकडणार कोण?"

"तुमचा राग मला जाणवतोय." त्यांनी वहीत लिहिलं: राग.

"अजून सुरू कुठे झालाय तो!"

"या बदलाकडे आपण संधी म्हणून पाहिलं तर?"

"पोटात राहिलेल्या गॉजकडे संधी म्हणून पाहायचं? पेशंटला काय सांगू, अभिनंदन?"

"तुम्ही हे मोकळेपणानं मांडलंत, याचा मला आदर वाटतो."

"आदर घाला चुलीत! ओरडा माझ्यावर. चिमटा फेका!"

डॉक्टर गोड हसले. सिस्टर बाहेर आली. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान खोक तरी पडते. या उशीवर काय आपटायचं?

प्रशिक्षणाचा शेवटचा धडा हॉस्पिटलातच होता. चकचकीत बुटांच्या, बत्तीसच्या बत्तीस दात सतत बाहेर असलेल्या प्रशिक्षकाने सगळ्या विभागप्रमुखांना गोलात बसवलं. विश्वस्तही येऊन बसले. प्रत्येकाने आपल्या नेत्याला मनातलं एक वाक्य सांगायचं होतं. भांडारप्रमुख म्हणाले, सर आता हसतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग थिएटरची प्रमुख म्हणून सिस्टरची पाळी आली. ती उठली आणि थिएटरमधल्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, मोजणी जुळत नाही. थांबा."

वही खाली पडली. डॉक्टरांचे दोन्ही हात आपोआप वर आले: कोपरं वाकलेली, बोटं वर, छातीसमोर, नुकत्याच धुतलेल्या हातांसारखे. आणि आतून तो जुना आवाज निघाला. "किती कमी?"

"एक. प्रत्येक टेबलामागे एक."

त्यांच्या मानेची शीर तटतटून फुगली. सिस्टरने मनातल्या मनात कान झाकून घेतले, आता फुटणार!

"वा!" प्रशिक्षकाने टाळी वाजवली. "बघितलंत? सरांची देहबोली किती खुली झाली!"

डॉक्टरांनी आधी विश्वस्तांकडे पाहिलं, मग दुसऱ्या कुणाचे असावेत तसे आपल्या हातांकडे. हात हळूहळू खाली आले आणि पँटच्या खिशात गेले. "चांगला मुद्दा आहे, ताई. नोंद घेतो."

थिएटरचा एक नियम आहे. धुतलेला हात कमरेच्या खाली गेला, की तो अस्वच्छ. माणूस कितीही मोठा असो, सिस्टर त्याला बाहेर काढते.

"हात खाली गेले, डॉक्टर," सिस्टर म्हणाली. "बाहेर जा. पुन्हा धुऊन या."

तेवीस वर्षांत हे वाक्य ऐकून डॉक्टर प्रत्येक वेळी मुकाट्याने नळाकडे गेले होते. या वेळी ते बसून राहिले.

एक तारखेपासून आदेश लागू झाला. प्रशिक्षणात संचालकांना 'ऐकून घेणे' या विषयात दहापैकी नऊ गुण मिळाले. सिस्टर आता एकदा आपल्या जागेवरून मोजते, मग टेबलाला वळसा घालून दुसरीच्या जागेवरून पुन्हा मोजते. दर ऑपरेशनला त्यामुळे अकरा मिनिटं जास्त लागतात.