आगमनाच्या दिव्याचं तेल

येशू ख्रिस्त यातलं ‘ख्रिस्त’ हे आडनाव नव्हे, तो हुद्दा आहे. परभणी जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत मी हे किती वेळा सांगितलं असेल, त्याला गणती नाही. लोक मान हलवतात आणि पुढच्या नाताळात पुन्हा विचारतात. ज्याच्या डोक्यावर तेल ओतून देवानं त्याला कामाला नेमलं, तो ख्रिस्त. अभिषिक्त. पूर्वी राजाला असं तेल ओतत, याजकाला ओतत, कधी संदेष्ट्यालाही. यात न समजण्यासारखं काही नाही. पण हा अर्थ उचलून कुणी खरोखर कामाला लावायला निघालं, असं मी एकदाच पाहिलं. ती कडूबाई. तिच्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं, आता माझंही वय झालं, म्हणून लिहिते.

मानवतहून पाथरीकडे जाताना रस्त्यापासून जरा आत एक गाव आहे. नाव देत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत. गावाबाहेर ओढ्यापलीकडे आम्हा ख्रिस्ती लोकांची बारकी वस्ती, आणि तिला लागून बौद्धांची घरं. कडूबाई त्या वस्तीतली सुईण. तिच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून आजीनं हिचं नाव कडू ठेवलं. मरणाला ही गोड लागू नये. नाव कडू, जीभ त्याहून कडू. बाळंतीण फार ओरडायला लागली की म्हणायची, “ओरडून लेकरू येत असतं तर दवंडीवाल्यालाच बोलावलं असतं. जोर लाव.”

नवरा आसाराम लवकर वारला. एकच लेक, रुख्मिणी. गावातली निम्मी पोरं कडूबाईच्या हातावर जन्मलेली. गावचे मोठे शेतकरी आबासाहेब, त्यांच्या घरीही तिला बोलावणं यायचं, मागच्या दारानं. तान्ह्याला पायांवर घेऊन ती अंग चोळायची आणि शेवटी टाळू भरायची. डोक्याच्या मध्यावर जिथं हाड अजून जुळलेलं नसतं, तिथं तेल थापून ते मुरेपर्यंत तळवा तसाच ठेवायची. तेवढा वेळ ती कुणाशी बोलत नसे. तिच्या गप्प राहण्याची वेळ काय ती एवढीच.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या लोकांना वाटलं, आपण ख्रिस्ती, आपला यात काय संबंध. जाळायला आलेल्यांनी कोण बौद्ध नि कोण ख्रिस्ती हे विचारलं नाही. दोन्हीकडची घरं जळाली, प्रार्थनेची पत्र्याची खोली जळाली. जाळणाऱ्यांत काही जण असे होते की त्यांची टाळू कडूबाईनंच भरली होती. तिनं त्यांना नावानिशी ओळखलं.

त्यानंतर गावानं वस्तीशी व्यवहारच तोडला. रानात काम नाही, आडावर पाणी नाही, किशनरावाच्या दुकानात मीठसुद्धा नाही. मानवतच्या बाजाराला निघालेल्या दोघांना फाट्यावर मारून परत पाठवलं. ज्यांचे हातपाय धड होते ते जोड्या करून ऊसतोडीला निघून गेले. रुख्मिणीचा नवरा मुंजाजी गेला. रुख्मिणी पोटुशी, म्हणून ती आईजवळ राहिली. म्हातारीकोतारी आणि लेकुरवाळ्या एवढीच वस्ती उरली.

मी तेव्हा परभणीला शाळेत शिकवत होते. पाळकांकडे गावं फार, म्हणून आगमनकाळातले रविवार या वस्तीसाठी माझ्याकडे दिले होते. नाताळाच्या आधीचे चार रविवार आम्ही प्रभूच्या येण्याची वाट पाहण्यात घालवतो आणि दर रविवारी एक दिवा वाढवतो. त्या दिव्यांसाठी वस्तीत एक चाल होती. करडीचा घाणा निघाला की प्रत्येक घरातून वाटीभर तेल यायचं आणि ते मंडळीच्या पंचाकडे, सटवाजीकडे, बरणीत ठेवलं जायचं. आग लागली त्या दिवशी सटवाजीनं स्वतःच्या घरातली ज्वारी जळू दिली. बायबल आणि ही बरणी तेवढी घेऊन तो ओढ्यात उतरला होता. डिसेंबरात सगळ्या वस्तीत तेल होतं ते त्या बरणीत.

दुसऱ्या रविवारी मी पोचले तर कडूबाई प्रार्थनेला उशिरा आली आणि पार मागं बसली. जळक्या खोलीच्या जागी ताडपत्री ताणली होती, त्याखाली मी ‘ख्रिस्त’ या शब्दाचा अर्थ सांगितला. प्रार्थना संपताच ती उठली, मला हाताला धरून आपल्या झोपडीत घेऊन गेली. रुख्मिणी आदल्या दिवशी बाळंत झाली होती. आठवा महिना. मुलगा. माझ्या तळहाताहून थोडा मोठा. ओठ निळसर, रडणं नाहीच, मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज. मानवतच्या जिनिंगला कापसाच्या गाड्या जातात, त्यातला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकतो. तो काट्यांतून वेचून आणून बायांनी त्याला त्यात ठेवलं होतं. नुसत्या कापसानं ऊब धरत नव्हती.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परभणीला दवाखान्यात न्या. कडूबाईनं रुख्मिणीकडे बोट दाखवलं. रुख्मिणीला बसता येत नव्हतं, ताप होता, अंगावरून जात होतं. बैलगाडी कुणी देत नव्हतं, आणि एसटी थांबते गावच्या चावडीपुढं. मी म्हटलं, मी परभणीहून मंडळीची जीप घेऊन येते. “आना,” ती म्हणाली. “पर तवर ह्याला तेल पायजे. कोमट तेलात कापूस भिजवून गुंडाळलं, टाळू भरली, तर दम धरंल. लेकरू गार पडायलंय, बाई.”

तेल सटवाजीकडे. आणि सटवाजी देईना.

सटवाजी वाईट माणूस नव्हता. त्याचा बाप लोकांनी आणून दिलेलं तेल वेशीबाहेरच्या मारुतीच्या दिव्यात घालायचा. देवाच्या नावानं काढलेलं तेल घरात आणलं तर घरात मरण येतं, हे सटवाजी लहानपणापासून ऐकत आला होता. बाप्तिस्मा होऊन वीसेक वर्षं झाली. मारुती सुटला, तेलाचा नियम सुटला नाही. इतर बायांचंही तेच. आतून रुख्मिणीसुद्धा म्हणाली, “आय, देवाचं नगं. त्यो नेईल त्याला.”

मला संताप आला. मी सटवाजीला सरळ सांगितलं, की मारुतीचा नियम प्रभूला लावू नका. याला शास्त्रात आधार नाही. तो शांतपणे म्हणाला, “तुमचं खरं असंल, बाई. पर घरं गेली, पोरं ऊसाला गेली. परभूचा दिवा तेवढा आमच्या हातून चुकला न्हाई. त्यो बी चुकवू?”

कडूबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. तिनं विचारलं, बाईंनी आज काय सांगितलं ते ऐकलंस ना. ज्याच्या डोक्यावर तेल पडलं तो ख्रिस्त. मग त्याचा सण करायचा तर तेल दिव्यात घालायचं, का डोक्यावर?

“डोकं परभूचं, कडूबाई,” सटवाजी म्हणाला. “तुझ्या नातवाचं न्हवं.”

“अन् परभू तान्हा व्हता तवा? त्याची टाळू कुनी भरली? मरीयेपाशी कोन व्हतं, पाटलीन व्हती का? माज्यासारकीच कुनी रांड असंल शेजारची. तिनं बी इचारलं असंल का, की हे तेल कुनाचं हाय?”

सटवाजी आपल्या झोपडीकडे वळला. मग त्यानं आत जाऊन बरणी आणली, कडूबाईच्या हातात न देता जमिनीवर ठेवली आणि पाठ फिरवली. “मी दिलं न्हाई,” तो म्हणाला. “तुमी नेलं.”

मी निघेपर्यंत तिनं तेल कोमट करून कापूस भिजवला होता. पोराला गुंडाळलं, टाळूवर तळवा ठेवला. ओठांचा निळेपणा थोडा उतरल्यासारखा वाटला. मला तसं दिसायला हवं होतं म्हणूनही वाटलं असेल. रुख्मिणीनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

परभणीत जीप नव्हती. पाळक ती घेऊन राणीसावरगावच्या बाजूला गेले होते. मी दवाखान्यात गेले, ओळखीच्या दोघांकडे गेले. त्या गावाचं नाव निघालं की लोकांना कामं आठवत. जीप मिळाली ती गुरुवारी. तेलाचा डबा, दूध, गरम कपडे भरून आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा सटवाजी ओढ्याच्या काठावर खड्डा खणत होता. पोर त्याच पहाटे गेलं होतं. त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं.

देवाच्या तेलानंच पोर नेलं, हे प्रत्येकीच्या मनातलं कळत होतं. चतुराबाई नावाची एक सून, तिचेही दिवस भरत आलेले, ती पोटावर पदर ओढून लांब उभी होती. कडूबाईची सावली पडू नये अशी. रुख्मिणीला दोघींनी धरून आणलं होतं. तिनं आईकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “तूच मारलंस.”

पोराला मांडीवर घेऊन कडूबाई खड्ड्याच्या कडेला बसली होती. बोलली ती सटवाजीशी, तेही खाली बघत.

“ज्याच्या डोक्यावर देवानं सोताच्या हातानं तेल घातलं, त्याला बी मारलंच की लोकांनी. ते तेलानं झालं व्हतं का?”

सटवाजीनं कुदळ ठेवली. कडूबाईच्या झोपडीतून बरणी घेऊन आला. तळाशी थोडं तेल होतं. ते त्यानं कापसावर टिपलं, पोराच्या टाळूवर लावलं, आणि मला म्हणाला, वाचा. मी स्तोत्र वाचलं.

जीपमधून आम्ही रुख्मिणीला परभणीला नेलं. ती वाचली. पुढं तिला दोन मुलं झाली, दोन्ही वेळा सरकारी दवाखान्यात. आईला तिनं खोलीत येऊ दिलं नाही. सावळी, उंच पोरगी होती. हट्टात आईवरच गेलेली.

नाताळ उलटल्यावर चतुराबाईला कळा सुरू झाल्या. बोलावणार कुणाला? कडूबाईलाच बोलावलं. तिनं मूल सोडवलं, नाळ कापली, आंघोळ घातली. चतुराबाईच्या सासूनं तेलाची वाटी पुढं केली, तेल मी नेलेल्या डब्यातलंच, तेव्हा कडूबाईनं ती परत तिच्याकडेच सरकवली. “टाळू तुमी भरा,” म्हणाली. मरेपर्यंत तिनं बाळंतपणं केली, आबासाहेबांच्या घरचीसुद्धा, कारण वर्षभरानं त्यांनाही गरज पडली. टाळू मात्र पुन्हा कुणाची भरली नाही. मी एकदा चिडून म्हटलं, की तुमच्या हातात काही दोष नव्हता, दोष रस्त्याचा होता, गावाचा होता, हे तुम्हाला पटतं ना? पटतं, म्हणाली. आणि विषय बदलला.

नामांतर झालं तेव्हा ती नव्हती. त्याआधी दर आगमनकाळात मात्र प्रार्थनेला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. ख्रिस्त म्हणजे काय हे मी दरवर्षी सांगायचे, ती डोळे मिटून ऐकायची. दिवा लावायला सटवाजी उठला की तीही उठायची आणि घरी जायची. सटवाजी ती आपल्या झोपडीत शिरेपर्यंत काडी ओढत नसे.